ईद अचानक येत नाही

घरखर्चाची वही



गेल्या अंकात आपण महिन्याच्या किराण्याची यादी कशी करावी ते पाहिले. त्यावर काही भगिनींनी विचारले, "किराणा तर आम्ही आवरतो. बाहेरचे खाणेही बंद केले. तरी वर्ष संपताना हातात काही उरत नाही, उलट कोणाचे तरी देणेच निघते. मग पैसा जातो कुठे?"

प्रश्न रास्त आहे. बहुतेक घरांत त्याचे उत्तर एकच निघते. महिन्याचा खर्च महिन्याच्या कमाईत कसाबसा भागतो. घराचे गणित मोडते ते महिन्यात न बसणाऱ्या खर्चांनी. आणि या खर्चांबद्दल बोलताना आपण एक शब्द हमखास वापरतो: अचानक. अचानक ईद आली, अचानक शाळेची फी आली, अचानक पत्रे गळायला लागले, अचानक नणंदेच्या घरी लग्न निघाले.

यातले काहीही अचानक नसते. चांद एखादा दिवस पुढेमागे होईल, पण रमजान येणार हे ठरलेले आहे. शाळा जूनमध्ये उघडते, पाऊसही जूनमध्येच येतो. आज आठ वर्षांची असलेली मुलगी दहा वर्षांनी अठराची होणार, हे बोटांवर मोजता येते. यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण मुलांना सांगतो. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना त्यांनी पिकाच्या सात वर्षांत धान्य कणसांतच राखून ठेवायला सांगितले, कारण पुढे दुष्काळाची सात वर्षे येणार होती. सुकाळात दुकाळाची सोय करणे म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी होणे नव्हे, हे त्या किश्शातून आपण शिकतो. आज हेच गणित आपल्या घराला लावून पाहू.

दोन कॅलेंडरांचे घर

आपले घर दोन कॅलेंडरांवर चालते. पगार, शाळा, वीजबिल आणि पाऊस इंग्रजी महिन्यांप्रमाणे येतात. रमजान, दोन्ही ईद आणि जकात हिजरी महिन्यांप्रमाणे येतात. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून आपले सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. बाजारातली तयार बजेटची वही यासाठीच आपल्याला पुरी पडत नाही.

बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला होती आणि २०२५ मध्ये ७ जूनला. शाळा उघडतात जूनच्या मध्याला. म्हणजे कुर्बानी आणि वह्या-पुस्तके-गणवेश हे वर्षातले दोन मोठे खर्च एकाच पगारावर पडले. त्या दोन वर्षांत किती घरांनी जूनमध्ये हातउसने घेतले असतील, याचा अंदाज दर जूनमध्ये वर्गात फीची यादी हातात धरणाऱ्या आम्हा शिक्षकांना येतो. आता बकरी ईद मेमध्ये सरकली आहे, पण रमजानही पुढे पुढे हिवाळ्यात जाणार आहे. २०३० साली तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात.

यावरून दोन गोष्टी करायच्या. पहिली, इंग्रजी कॅलेंडर भिंतीवर लावताना त्यावर रमजान, दोन्ही ईद आणि आपली जकातीची तारीख पेनाने मांडून घ्यायची. कोणत्या महिन्यात दोन खर्च एकमेकांवर आदळतात ते आधीच दिसते. दुसरी, ईदसाठी बाजूला काढायची रक्कम बारा महिन्यांत नव्हे, अकरा महिन्यांत पूर्ण करायची, कारण पुढची ईद बारा इंग्रजी महिने भरायच्या आधीच दाराशी येते.

पगार खरा किती?

आता वही उघडा. पाच माणसांचे एक घर धरू. महिन्याची कमाई ३०,००० रुपये. वर्षातून एकदा येणारे खर्च असे मांडू:

रमजानमध्ये सहरी-इफ्तारचा जादा खर्च: ६,०००
ईदचे कपडे, शीरखुर्मा आणि फित्रा: १३,०००
कुर्बानी: १५,०००
तीन मुलांची फी, पुस्तके, गणवेश: १८,०००
पावसाआधी छपराची डागडुजी, मसाले आणि धान्याची बेगमी: ८,०००
नात्यातली लग्ने, अकीके, देणेघेणे: ८,०००
घरपट्टी, गॅस आणि किरकोळ: ४,०००

बेरीज होते ७२,००० रुपये. बाराने भागले की महिन्याला ६,००० येतात. याचा सरळ अर्थ, या घराचा पगार ३०,००० नाही, २४,००० आहे. उरलेले ६,००० हातात आले तरी ते खर्चायचे नाहीत. ते पुढच्या ईदचे, जूनचे आणि छपराचे आहेत. बहुतेक घरे वर्षभर ३०,००० ची चाल ठेवतात आणि मग ७२,००० साठी उसनवारीला निघतात.

तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. कोणाची कुर्बानी मोठ्या जनावरातल्या एका हिश्शाची असेल, कोणाच्या मुलांना फी नसेल. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

हे पैसे ठेवायचे कुठे, तर पगाराच्या खात्यात नाही. त्या खात्यातला पैसा डोळ्यांसमोर असतो आणि मोबाईलवरून हातासरशी निघून जातो. वेगळे खाते काढा, त्याचे एटीएम कार्ड कपाटात ठेवा आणि पगार झाल्याच्या दिवशीच रक्कम तिकडे वळती करा. रोखीत व्यवहार असेल तर दादी-नानींच्या काळची डब्यांची पद्धत आजही चालते: एक डबा ईदचा, एक शाळेचा, एक घराचा. एका डब्यातून दुसऱ्यात घेतले तर चिठ्ठी टाकायची, किती घेतले आणि कधी भरणार. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. परक्याशी लिहितो, मग घरच्या डब्याशी का लिहू नये?

आठवड्याची आणि रोजची कमाई

"टीचर, आम्हाला पगारच नाही, आम्ही काय मांडणार?" असे विचारणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावरचा कारागीर, रिक्षावाला, गवंडी, फळांची गाडी लावणारा. त्यांच्यासाठी दोन सूत्रे.

ज्यांना आठवड्याला पैसे मिळतात, ते चार आठवड्यांचा महिना धरून घर चालवतात. बारा महिन्यांचे असे ४८ आठवडे होतात, पण वर्षात आठवडे ५२ असतात. चार आठवड्यांची कमाई जादा निघते. ज्या महिन्यात पाचवा हप्ता येतो, तो हप्ता घरखर्चात मिसळू न देता थेट वर्षाच्या डब्यात टाकायचा. आठवड्याला ४,००० मिळत असतील तर वर्षाचे १६,००० झाले. वरच्या यादीतली कुर्बानी त्यातच निघते. अर्थात काम बंद राहिलेला आठवडा त्यातून वजा धरायला हवा.

ज्यांची कमाई रोज बदलते त्यांनी सरासरी धरू नये. गेल्या वर्षातला सर्वांत हलका महिना आठवावा. गवंड्याचा तो पावसाळ्यात येतो, कोणाचा परीक्षेच्या दिवसांत. घराची चाल त्या हलक्या महिन्याच्या कमाईवर बांधावी. चांगल्या महिन्यातले वरचे पैसे आधी एका गोष्टीसाठी जमवावेत: तीन महिन्यांचा घरखर्च. तेवढे जमेपर्यंत नवे काही घेऊ नये. हा पैसा आजारपणाचा आणि कामबंदीचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांच्याकडे तो होता आणि ज्यांच्याकडे नव्हता, त्या दोन घरांतला फरक आपण सर्वांनी पाहिला आहे.

ईदी आणि पहिली कमाई

बचतीची पहिली शाळा म्हणजे ईदी. ती मुलाकडून काढून घेऊ नका आणि सगळी उडवूही देऊ नका. तीन वाटे करायला शिकवा: एक आत्ताच्या आवडीचा, एक साठवायचा, एक दुसऱ्याला द्यायचा. शेवटचा वाटा लहान असला तरी चालेल, पण तो मुलाने स्वतःच्या हाताने द्यावा. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँकेत निघते. पासबुकात आपले नाव पाहिलेले मूल दहा रुपयांचा हिशेब वेगळ्या नजरेने करते.

पहिली नोकरी लागते ती बाविशी-तेविशीत. घर अब्बांचे, जेवण अम्मीच्या हातचे, अंगावर जबाबदारी थोडी. आयुष्यात बचतीला यापेक्षा सोपी वर्षे पुन्हा येत नाहीत आणि नेमकी हीच वर्षे मोबाईल आणि मोटारसायकलच्या हप्त्यांत जातात. या वयातल्या मुला-मुलींसाठी साधे माप: अर्धी कमाई घरात, चौथा हिस्सा बचतीत, उरलेली स्वतःसाठी. हप्त्यावर वस्तू घेताना "शून्य टक्के" ही पाटी वाचून थांबू नका. प्रक्रिया शुल्क किती, रोख घेतली तर सूट किती, हे विचारा आणि मग वहीत मांडा. रोखीची सूट गेली म्हणजे तेवढे जास्त दिलेच.

निकाह: कर्ज कोणाच्या खांद्यावर?

मुलाने २२ ते २७ या पाच वर्षांत महिन्याला २,००० रुपये बाजूला ठेवले तर १,२०,००० जमतात. त्यात मेहर निकाहच्या वेळीच अदा होऊ शकतो आणि साधा वलीमाही निघतो. मेहर हा पत्नीचा हक आहे, सूरह निसामध्ये तो खुशीने द्यायला सांगितले आहे. तो वर्षानुवर्षे उधार ठेवणे आणि हॉलच्या सजावटीचे पैसे मात्र रोख मोजणे, ही आपल्याकडची उलटी रीत आहे. मुलीनेही लक्षात ठेवावे, मेहरची रक्कम तिची स्वतःची आहे. ती घरखर्चात विरघळू न देता तिच्याच नावावर राहावी.

आता दुसरी बाजू. लग्नासाठी दोन लाख रुपये खासगीत शेकडा तीनने उचलले असे धरा. महिन्याला ६,००० नुसते व्याज, वर्षाला ७२,०००. हा आकडा ओळखीचा वाटतो का? वर मांडलेली यादी पुन्हा पाहा. दोन्ही ईद, मुलांची शाळा, छप्पर आणि नात्यातले देणेघेणे, हे सगळे मिळून जेवढे होते तेवढेच व्याज हे घर वर्षाला देते. आणि मुद्दल दोन लाख तसेच्या तसे उभे असते. व्याज देणे हराम आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्या हरामचा भुर्दंड घरातल्या कोणत्या माणसाच्या वाट्याला येतो, हे मात्र आपण पाहत नाही.

कात्री कुठे लागते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी, बारावीला ८४ टक्के. तिला फार्मसीला जायचे होते, प्रवेशही मिळाला. वडील टेम्पो चालवायचे, मेहनती आणि मुलीवर जीव असलेला माणूस. शाळेत येऊन म्हणाले, "टीचर, एकदम चाळीस हजार कुठून आणू?" आदल्या वर्षी मोठ्या मुलाचे लग्न झाले होते आणि त्याचे हप्ते चालू होते. त्या लग्नात फक्त स्टेजच्या सजावटीवर पस्तीस हजार गेल्याचे मुलीच्या अम्मीने नंतर सांगितले. मुलगी ते वर्ष घरी बसली.

पैसे कमी पडतात तेव्हा कात्री सगळ्यांना सारखी लागत नाही. ईदचे कपडे येतात, लग्नाचा हॉल ठरतो, कारण तिथे लोक पाहतात. मुलीचे शिक्षण आणि अम्मीचे औषध घराच्या आत असते, तिथे कोणी पाहत नाही, म्हणून कात्री तिथे लागते. बजेट मांडण्याचे खरे कारण हे आहे. आधी मांडले नाही, तर ऐन वेळी घरातला सर्वांत गप्प बसणारा माणूस आपला वाटा सोडतो.

त्या मुलीचे पुढचे वर्ष वाचवले ते मोहल्ल्यातल्या बायकांनी. बारा जणींची भिशी होती, दरमहा ३,५०० ची. पहिली चिठ्ठी तिच्या अम्मीला द्यायची, असे सगळ्यांनी आपसात ठरवले. ४२,००० रुपये एकरकमी हातात आले आणि फी भरली गेली. अम्मीने पुढचे अकरा महिने शिवणकामातून भिशी भरली.

मुलांच्या शिक्षणासाठी सर्वांत मोठी बचत कधी कधी पैशाची नसून कागदांची असते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुस्लिमांतील अनेक बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, आणि ज्या नाहीत त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो. पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जात पडताळणी ही कामे निकालानंतरच्या आठवड्यात होत नाहीत. मुलगी अकरावीत गेली की फाईल करायला घ्या.

पैसा ठेवायचा कुठे?

व्याज टाळणाऱ्या घरांना हा प्रश्न नेहमी पडतो. चार जागा पाहू.

पहिली भिशी. साध्या भिशीत ज्याला पहिली चिठ्ठी लागते त्याला बिनव्याजी कर्ज मिळते आणि ज्याला शेवटची लागते त्याची बचत होते. म्हणून गरजवंताला आधी, निवांत असलेल्याला शेवटी, हा न्याय. बोली लावून रक्कम घटवणारी लिलावी भिशी वेगळी; तिथे आधी उचलणारा कमी घेतो आणि पूर्ण भरतो, म्हणजे व्याजच देतो. भिशी ओळखीच्यांतच असावी, माणसे बारापेक्षा फार नसावीत आणि दर महिन्याची वही सगळ्यांच्या सह्यांनी असावी.

दुसरे सोने. दागिना मोडताना मजुरी आणि तीन टक्के जीएसटी परत मिळत नाही. म्हणून हौसेचा दागिना आणि बचतीचे सोने वेगळे धरा. बचतीसाठी घ्यायचे तर नाणे किंवा साधी बांगडी घ्या आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक पाहूनच घ्या. सोन्याबरोबर जकातीचा हिशेबही येतो. निसाब सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. जकात चाळिसावा हिस्सा. दहा तोळे सोने असेल तर दरवर्षी पाव तोळ्याची किंमत रोखीत काढावी लागते. सोने कपाटात आणि हातात रोख नाही, अशा घरांत जकात रेंगाळते. तिचाही डबा ठेवा. वापरातल्या दागिन्यांवरच्या जकातीबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे आणि कोकणातील बहुतेक कुटुंबे शाफई आहेत. तेव्हा आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारून ठरवा.

तिसरे बँक खाते. सुरक्षेसाठी ते हवेच. जमा झालेले व्याज अनेक घरे वेगळे काढून, सवाबची नियत न ठेवता, गरजूंना देऊन टाकतात.

चौथे, शरीअतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड. असे मोजकेच फंड भारतात आहेत. टाटा एथिकल फंड हा त्यातला जुना. यात भाव खाली-वर होतात, म्हणून पाच-सात वर्षे लागणार नाही तेवढाच पैसा इथे ठेवावा. जूनच्या फीचे पैसे इथे नकोत.

आणि एक सावधगिरी. "हलाल नफा, महिन्याला तीन टक्के" असे कोणी म्हणाले की दाढी-टोपी पाहून विश्वास ठेवू नका. २०१९ साली बेंगळुरूत हलाल गुंतवणुकीच्या नावाने चाललेली एक कंपनी बुडाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची लग्नाची, हजची, म्हातारपणाची जमा गेली. खऱ्या धंद्यात नफा दर महिन्याला ठरलेला नसतो. ठरलेला असेल तर एक तर ते व्याज आहे, नाही तर फसवणूक.

चाळिशी-पन्नाशी: दोन्ही बाजूंचा भार

माझ्या वयाच्या लोकांची ही वर्षे. एका बाजूला मुलांची कॉलेजे, दुसऱ्या बाजूला अम्मी-अब्बांची औषधे. मधे आपले स्वतःचे म्हातारपण उभे आहे आणि त्याच्याकडे पाहायला वेळ नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आम्हा शिक्षकांना जुनी पेन्शन लागू झाली नाही, म्हणून स्टाफरूममध्ये या विषयावर रोज चर्चा होते. दुकानदार, कारागीर, ड्रायव्हर यांना तर पेन्शन कधीच नव्हती.

आखातात गेलेल्यांची घरे या बाबतीत जास्त उघडी आहेत. चिपळूण, खेड, दापोली, मंडणगडकडे प्रत्येक गावात अशी घरे आहेत. कुवेत-कतारहून पैसा येतो, गावात मोठा बंगला उभा राहतो, आणि पन्नाशीत व्हिसा संपून माणूस परततो तेव्हा बंगला असतो पण महिन्याची कमाई नसते. घर खाता येत नाही. अशा कुटुंबांनी येणाऱ्या पैशाचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षापासून वेगळा ठेवावा. शक्य झाल्यास भाड्याचा गाळा, बाग, किंवा परतल्यावर चालवता येईल असा धंदा त्यातून उभा करावा. आणि त्याचा हिशेब घरातल्या बाईला ठाऊक असावा.

आजारपणासाठी एक काम या महिन्यातच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत होतात. ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मानचे वेगळे कार्ड २०२४ पासून मिळते. अम्मी-अब्बांचे आधार आणि रेशनकार्डावरील नाव जुळते का ते आज पाहा. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या दारात स्पेलिंग दुरुस्त करून मिळत नाही.

उतारवय: हज, हक आणि वसीयत

हजला हज कमिटीमार्फत आज माणशी तीन ते चार लाखांच्या घरात खर्च येतो आणि २०१८ पासून सबसिडीही नाही. नवरा-बायकोने जायचे तर दुप्पट. हा पैसा साठीत जमत नाही, चाळिशीतच सुरुवात करावी लागते. मलेशियात उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञांनी पाहिले, की खेड्यातले लोक हजसाठी जमीन-गुरे विकतात आणि परतल्यावर कंगाल होतात. त्यांनी १९५९ मध्ये बिनव्याजी बचतीची योजना मांडली आणि तिच्यावरून १९६३ मध्ये तिथे हजची बचत संस्था सुरू झाली. आपल्याकडे तशी संस्था नसली तरी घरात हजचा वेगळा डबा असायला कोणाची हरकत नाही. हज कुवत असलेल्यावर फर्ज आहे. मुलीची फी थांबवून किंवा देणे बुडवून जमवलेली रक्कम ही कुवत नव्हे.

आणि शेवटी कागद. कोणाला किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे, कुठे काय आहे, हे एका पानावर लिहून पत्नीला आणि मुलांना दाखवा. वसीयत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते, बाकीचे वारसांच्या ठरलेल्या हिश्शांप्रमाणे जाते. मेहर द्यायचा राहिला असेल तर ते कर्ज आहे आणि वाटणीआधी फिटले पाहिजे. मूलबाळ असताना पत्नीचा आठवा हिस्सा ठरलेला आहे, मुलींचाही हिस्सा ठरलेला आहे. "तिचे लग्न करून दिले, आता तिचे काय?" हे वाक्य हिशेबात कुठेच बसत नाही.

या महिन्याचा गृहपाठ

इशाच्या नमाजनंतर टीव्ही आणि मोबाईल बंद करून घरातली सगळी माणसे अर्धा तास बसा. मुले, सून आणि दादीसुद्धा. कॅलेंडरवर पुढच्या बारा महिन्यांतले मोठे खर्च मांडा. बेरीज करा, बाराने भागा, आणि तेवढे कमी करून आपला खरा पगार किती ते पाहा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "पैसे कमी पडले तर आपण काय सोडायचे?" उत्तर आत्ताच ठरवा. आणि दर वेळी तेच माणूस सोडत असेल तर या वर्षी दुसऱ्या कोणीतरी सोडा.

पुढच्या अंकात नव्या सुनेच्या हातात घरखर्च कसा सोपवावा, याबद्दल बोलू, इन्शाअल्लाह. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि देण्यातून मुक्त ठेवो. आमीन.